लोटूची मूठ

“किशोरनी मूठ. भरी? हवे जयेशनी. अरे, उतावळ ना कर, दाणा ढोळाशे.”

चार नंबरच्या खाटेवरचे मगनभाई मोबाइल तोंडासमोर आडवा धरून ओरडत होते. फोन स्पीकरवर असल्यामुळे पलीकडून त्यांच्या बायकोचं ‘भरी, भरी’ सगळ्या वॉर्डाला ऐकू येत होतं. सिस्टर अर्चना दोनदा दारातून डोळे वटारून गेल्या, पण मगनभाईंना त्याचं काही नव्हतं. बारडोलीकडचा हा ऊसवाला शेतकरी पंचाहत्तरीचा होता आणि बांधावरून घसरून खुबा मोडून घेऊन आला होता. हलता येत नव्हतं, ती कसर ते आवाजाने भरून काढत.

मालतीबाई शेजारच्या खाटेची चादर बदलत होत्या. कामरेजच्या या दवाखान्यात आया म्हणून त्यांना एकोणीस वर्षं झाली होती, आणि पेशंटच्या फोनकडे कान द्यायचा नाही हा त्यांचा शिरस्ता होता. पण ‘मूठ’ कानावर आलं आणि चादरीचं टोक हातातच राहिलं.

“हवे छेल्ली,” मगनभाई म्हणाले. “झिपरूनी मूठ.”

मालतीबाई मटकन त्या रिकाम्या खाटेवर बसल्या. पेशंटच्या खाटेवर आयाने बसायचं नाही, हा दवाखान्याचा पहिला नियम होता.

त्यांच्या अशा बसण्याला कारण होतं, आणि ते लिंबायतच्या त्यांच्या घरात गेल्या रविवारपासून धुमसत होतं. श्रावणात कानबाई ही देवी घरी येते. खानदेशातून सुरतेला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर आलेल्या माणसांनी गाव सोडलं, शेतं सोडली, पण कानबाई काही सोडली नाही. तिच्या रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे गहू मालतीबाईंच्या घरात मापाने नाही, मुठीने घेत. भाऊबंदांतल्या एकेका पुरुषाचं नाव पुकारायचं आणि घरच्या थोरल्या बाईने त्याच्या नावाची मूठ टोपलीत टाकायची. ते रोट खायचे भाऊबंदांनीच. बाहेरच्याला तुकडा गेला तरी मोठा दोष. तर अशी सगळी नावं संपली की मालतीबाईंच्या टोपलीत आणखी एक मूठ पडायची. ती लोटूची.

लोटू कोण, हे घरात कुणाला म्हणजे कुणालाही ठाऊक नव्हतं. सासूबाई सखुबाईंनी टोपली सुनेच्या हाती दिली तेव्हा एवढंच सांगितलं होतं, “लोटू बाहेर गयेल शे. तो येवालोंग मूठ सोडानी नही.” सखुबाईंना त्यांच्या सासूने तेवढंच सांगितलं होतं. मालतीबाईंच्या डोळ्यांपुढे मात्र या लोटूचं चांगलं चित्र होतं. पंचविशीचा, सडपातळ, जरा विसरभोळा, कुठे तरी गप्पा मारत रेंगाळलेला. घरात पोरं त्याच्या नावाने हसायची आणि मालतीबाईही हसायच्या, धाकट्या दिराला हसावं तशा.

गेल्या रविवारी भाऊबंद जमले आणि गणेशने विषय काढला. गणेश म्हणजे चुलत पुतण्या, उधन्याला त्याचं इलेक्ट्रिकचं दुकान आणि बोलणं वकिलाचं. तो म्हणाला, “काकू, हिशेब सोपा शे. लोटू जिवंत असेल तर दीडशेच्या पुढचा झाला. मेला असेल तर मेल्याची मूठ रोटात चालत नाही. म्हणजे इतकी वर्षं आपण कानबाईला बाटलेला रोट देऊन राहिलो.” यात खोट काढायला जागा नव्हती. शेवटी ठरलं ते असं की शनिवारी गहू दळायला जायच्या आत लोटू कोण ते कळलं तर ठीक, नाही तर यंदापासून मूठ बंद.

आज शुक्रवार होता. पाच दिवस मालतीबाईंनी साक्रीकडच्या गावात कुणाकुणाला फोन लावले होते. कुणी लोटू ऐकला नव्हता.

एवढी त्या मुठीची ओढ का, असं गोपालभाऊंनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, विचारलं तेव्हा त्यांनी फोनवर पुढचा नंबर लावला होता. पण कारण त्यांना नीट माहीत होतं. लग्नानंतर चौथ्या वर्षी लूम बंद पडले आणि गोपालभाऊ काम शोधायला भिवंडीकडे गेले ते सात महिने ना पत्र ना निरोप. टोपली नुकतीच हाती आली होती, आणि त्या श्रावणात मालतीबाईंनी गोपालची मूठ भरली. पाठोपाठ लोटूची भरली, आणि त्यांना एकदम कळलं की ही मूठ कशासाठी असते. बाहेर गेलेल्या माणसाचा घास घरात निघत असेल तर ते माणूस अजून घरातलं असतं. गोपालभाऊ दिवाळीला परत आले. लोटू अजून यायचा होता, इतकंच.

आणि आता बारडोलीकडचा एक गुजराती शेतकरी सगळी नावं झाल्यावर झिपरूची मूठ भरत होता. झिपरू हे गोपालभाऊंच्या पणज्याचं नाव. असलं खास खानदेशी नाव ऊसवाल्या पटेलाच्या तोंडी यायचं कारणच नव्हतं.

मालतीबाई उठल्या, चार नंबरपाशी गेल्या. 

“मगनभाई, ए झिपरू कोण छे?”

“कोने खबर, बेन. बाप बोलता, दादा बोलता, एटले अमे बोलीए.” मगनभाई खुशीत होते, गहू व्यवस्थित भरले गेले होते. “अमारे त्यां श्रावणमां रोट थाय. गाममां बीजा कोईने नथी. बधा हसे छे. अमारी वाडीने पण खानदेशियानी वाडी कहे.”

पुढचा प्रश्न मालतीबाईंनी इतक्या हळू विचारला की मगनभाईंनी तो पुन्हा विचारायला लावला.

“लोटूनुं नाम सांभळ्युं छे?”

“लोटू?” म्हाताऱ्याने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. “लोटू तो मारा दादाना बाप. तने कोणे कह्युं?”

मालतीबाईंच्या डोक्यात पिढ्यांचा जमाखर्च भराभर लागला. त्यांच्या घरी झिपरूची मूठ, आपल्या घरी लोटूची, म्हणजे लोटू आणि झिपरू भाऊ. लोटूचा पणतू मगन, झिपरूचा पणतू गोपाल. मगन थोरला. म्हणजे हा समोर पडलेला, ज्याचं गेले आठ दिवस त्या अंग पुसत होत्या, ज्याचं बेडपॅन उचलत होत्या, ज्याला काल ‘किती ओरडता हो’ म्हणून दटावलं होतं, तो त्यांचा जेठ होता. नवऱ्याचा थोरला भाऊ. त्यांचा हात आपोआप मागे गेला आणि आकाशी साडीचा पदर डोक्यावर आला.

“हवे आ शुं?” मगनभाई गोंधळून म्हणाले.

उत्तर द्यायला मालतीबाई तिथे राहिल्याच नाहीत. जेठाशी समोरासमोर बोलायचं नसतं. साठीच्या बाईने पळू नये इतक्या वेगाने त्या व्हरांड्यात पळाल्या आणि फोन लावला.

“आहो, कथा शेतस?”

“घर. काय व्हयनं?” गोपालभाऊ ओरडले. पस्तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नव्हतं.

“लोटू सापडना.”

“कोन लोटू?”

“आपला लोटू. बस पकडा, कामरेजले या. आत्ते.”

गोपालभाऊ तासाभरात आले. पायात दोन वेगळ्या चपला होत्या आणि ते त्यांना दवाखान्यात पोहोचल्यावरच कळलं. येताना बसमध्ये त्यांनी गणेशला फोन केला होता, म्हणजे अख्ख्या बसलाही सगळं कळलं होतं. मालतीबाईंनी त्यांना चार नंबरच्या खाटेपाशी नेलं आणि स्वतः पडद्याच्या मागे, पदर सावरून उभ्या राहिल्या. दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांना न्याहाळलं. नाक तेच होतं, पुढे जरा वाकलेलं. कान तर हुबेहूब. पडद्याच्या फटीतून मालतीबाईंना ते पहिल्यांदा दिसलं, आणि आठ दिवस आपण काय डोळे मिटून अंग पुसत होतो की काय, असं त्यांना वाटलं.

मग मगनभाईंनी लोटूची गोष्ट सांगितली. त्यांना ती त्यांच्या आजोबांनी सांगितलेली. अर्धी गुजराती, अर्धी हिंदी, मध्येच एखादा शब्द असा यायचा की तो खानदेशी आहे हे खुद्द मगनभाईंना माहीत नव्हतं.

साक्रीकडे पांझरा नदीच्या काठी दोन भाऊ होते. बाप मरताना त्याने दोघांना एकेक बैल दिला, भुऱ्या लोटूला आणि खंड्या झिपरूला. बाप हुशार होता. एका बैलाने औत चालत नाही, म्हणजे भावांना वेगळं होता येणार नाही. लोटू पंचविशीचा, झिपरू पंधराचा. पुढे एक वर्ष पाऊसच आला नाही. कडबा संपला, घरावरचं गवतही बैलांना घालून झालं. सोनगडच्या पलीकडे चारा आहे असं कानावर आलं, तेव्हा लोटू दोन्ही बैल घेऊन निघाला. झिपरूला म्हणाला, तू घर सोडू नको, आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, मी दोन्ही बैल घेऊन येतो.

सोनगडच्या रानात खंड्या बसला तो उठला नाही. लोटूने दोन दिवस त्याच्या तोंडाशी ओंजळीने पाणी धरलं. गेला तो झिपरूचा बैल. स्वतःचा भुऱ्या गेला असता तर लोटू त्याच पावली घरी फिरला असता, पण धाकट्याचा बैल मारून स्वतःचा घेऊन कुठल्या तोंडाने जायचं? तो पुढे बारडोलीकडे गेला. एका शेतकऱ्याकडे राबला, भुऱ्याला दुसऱ्याच्या बैलाबरोबर जुंपून पडीक जमीन फोडली. जोडीचा बैल घ्यायचा आणि निघायचं, असं दर वर्षी ठरायचं. बैल झाला तेव्हा भुऱ्या म्हातारा झाला होता. पुढची जोडी झाली तेव्हा लग्न झालं होतं, पोर पाळण्यात होतं. ज्वारी आली, कापूस आला, विहीर लागली. माणूस त्या मातीत रुजत गेला आणि त्याचं त्यालाच कळलं नाही.

“पण एक वात,” मगनभाई बोट वर करून म्हणाले. लोटूच्या दावणीला पुढे जो जो बैल आला, तांबडा असो की काळा, औताला डावीकडे जुंपला तर त्याचं नाव खंड्या. त्याच्यावर लोटूने उभ्या जन्मात चाबूक उगारला नाही. तो झिपरूचा बैल होता, आपल्याकडे फक्त राहायला होता.

संवत छप्पनच्या, म्हणजे सन एकोणीसशेच्या दुष्काळात लोटूला राहवलं नाही. तिकडे काय झालं असेल म्हणून त्याने आपल्या वीस वर्षांच्या पोराला एक खंड्या देऊन पांझरेला पाठवलं. पोरगं पोहोचलं तर गाव ओस, घराला कुलूप. तो बैल घेऊन परत आला. लोटूने बैलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याला दावणीला बांधला.

“त्या साली ते धुळ्याला होते,” गोपालभाऊ एकदम म्हणाले. “खडी फोडायला गेले होते सगळे. दोन वर्षांनी परत आले.” त्यांचा आवाज पहिल्यांदाच हळू होता.

मगनभाईंनी डोळे मिटले. त्यांनी विचारलं, झिपरू रागावला होता का. दीडशे वर्षांपूर्वीच्या बैलाचा प्रश्न होता. लोटूने मरताना हेच विचारलं होतं म्हणे.

गोपालभाऊ खाटेवर वाकले आणि गुजरातीत म्हणाले,

“भाई, अमारा घरमां बळदनुं नाम कोईए नथी लीधुं. कोई दिवस नहीं. बस, लोटू, लोटू.”

हे खरंच होतं. सखुबाईंपासून मागे जितक्या बाया झाल्या त्यांच्यापैकी कुणी बैल आला का, असं विचारलं नव्हतं. झिपरू वाट पाहत होता ती बैलाची नव्हे. आणि हे एवढं कळायला लोटूला एक जन्म पुरला नव्हता. मालतीबाईंना त्याचा राग आला, दया आली, आणि शेवटी नुसतंच रडू आलं.

“क्यारे गया?” गोपालभाऊंनी विचारलं.

“तावनी साल हती. अढार. नवरात पहेलां.”

म्हणजे तापाच्या मोठ्या साथीचं साल. मालतीबाईंच्या लक्षात आलं की आत्ता, या घटकेला, घरात मरणाची खबर पोहोचली आहे. सडपातळ, विसरभोळा, पंचविशीचा लोटू, जो येणार होता, तो गेला. गोपालभाऊ पडद्याबाहेर आले तेव्हा त्यांच्याही चेहऱ्यावर तेच होतं.

“खबर तं आज लागनी,” ते म्हणाले. “आंग धवनं पडी.”

खबर कितीही उशिरा येवो, ज्या दिवशी कानावर पडते त्या दिवशी भाऊबंद अंघोळ करतात. वर्ष उलटून गेलं असेल तर सुतक नाही, नुसती अंघोळ. मालतीबाई दवाखान्यामागच्या धुलाईच्या खोलीकडे निघाल्या, तर वाटेत सिस्टर अर्चना आडव्या आल्या.

“मालतीबाई, ड्युटी सोडून कुठे?”

“अंघोळीला, सिस्टर. घरचं माणूस गेलं.”

सिस्टरचा आवाज मऊ झाला. “अरे देवा. कधी?”

“एकोणीसशे अठरा साली.”

सिस्टर अर्चनांनी मालतीबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कपाटातून एक धुतलेला टॉवेल काढून दिला.

मालतीबाईंनी डोक्यावरून पाणी घेतलं. बाहेरच्या नळाखाली गोपालभाऊ बनियनवर बसले होते. ओल्या अंगाने ते वॉर्डात परतले तर मगनभाई खाटेच्या कठड्याला धरून उठायची धडपड करत होते.

“मारे पण नहावानुं,” ते म्हणत होते. “झिपरू गया. मने आजे खबर पडी.”

खुब्याच्या ऑपरेशनला सहा दिवस झालेल्या माणसाला अंघोळ कोण घालणार? रोज अंग पुसणारी आया आता डोक्यावर ओला पदर घेऊन पडद्यामागे उभी होती आणि आत यायला तयार नव्हती. मग गोपालभाऊंनीच कोमट पाण्याचं तसराळं उचललं. जन्मभर सूत आणि वंगण हाताळलेल्या हातांनी त्यांनी फडकं पिळलं आणि थोरल्या भावाचं डोकं पुसलं, मग मान, मग पाठ. दोघंही रडत होते आणि दोघांनाही त्याची लाज वाटत नव्हती.

“पाय उचलू नका,” मालतीबाई पडद्याआडून सांगत राहिल्या. “मधली उशी तशीच ठेवा. पाठ हळू.”

शनिवारी सकाळी लिंबायतच्या त्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. गणेश येताना पेढे घेऊन आला होता आणि प्रत्येकाला पहिल्यापासून गोष्ट सांगत होता, जणू लोटू त्यानेच शोधला. अश्विनी, मालतीबाईंची सून, सगळ्यांना चहा देऊन दमली होती. मगनभाईंच्या घरच्या अकरा पुरुषांची नावं मालतीबाईंनी औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून आणली होती, आणि यंदा ती नावंही पुकारायची असं एकमताने ठरलं. सोमवारी चेतन, त्यांचा मुलगा, सचिन गावच्या कारखान्यातली आपली पाळी बदलून घेऊन रोट कामरेजला पोहोचवणार होता. तिथे आता बाहेरचं कुणी नव्हतं.

गोपालभाऊंनी नावं पुकारायला सुरुवात केली. मालतीबाईंची मूठ वर-खाली होऊ लागली. गणेश, चेतन, बाकीचे सगळे, मग मगन, किशोर, जयेश. पोरं प्रत्येक नव्या नावाला टाळ्या वाजवत होती. टोपलीत गव्हाचा ढीग कधी नव्हे इतका चढला. अकरावं नाव झालं आणि गोपालभाऊ थांबले.

मालतीबाईंचा हात थांबला नाही. तो पोत्यात गेला, दाण्यांवर मिटला आणि वर आला.

गणेश खाली मान घालून म्हणाला, “भरा, काकू. एक डाव भरा. कानबाई काही म्हणणार नाही.”

“नाही,” मालतीबाई म्हणाल्या. “गेलेल्याची मूठ रोटात चालत नाही. तूच सांगितलं होतंस, आणि ते बरोबर आहे.”

त्यांनी डाव्या हाताने पदर डोक्यावर ओढून घेतला. इतक्या वर्षांत या नावाला त्यांनी कधी पदर घेतला नव्हता. धाकट्या दिराला कोण घेतं. मग त्यांनी मूठ पोत्यावर धरली आणि बोटं सैल केली. दाणे हळूहळू खाली गेले. शेवटचे दोन-तीन तळव्याला चिकटून राहिले होते, तेही त्यांनी झटकले नाहीत, अंगठ्याने एकेक करून सोडवले.